शेपटीवरचं पांढरं

“ह्याच्या बुडावर पांडरं व्हतं की,” आई म्हणाली, “फोटूत कुठं गेलं ते?”

आकांक्षा नुकतीच जिना उतरून गेली होती. तिचा चहाचा कप टीपॉयवर तसाच होता, आणि मी काढलेला एका पक्ष्याचा जुना फोटो, पोस्टकार्डाएवढा छापून घेतलेला, आईच्या हातात होता. मी माझी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालत होतो. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेत. तेव्हापासून दिसेल त्या गोष्टीवर ती काहीतरी बोलते, कॅलेंडरवरच्या तारखांवर, समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईच्या गाऊनवर, माझ्या कानावरच्या केसांवर. म्हणून मी आधी नुसतं हं म्हटलं. मग हात थांबला. कुठे पांढरं होतं, असं विचारलं. तिने फोटोतल्या पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी नख टेकवलं. “हितं. चुन्याचं बोट फिरवल्यागत. डांबरात पडलं व्हतं, म्या घासलेटानं पुसलं तवा गेलं.” एवढं बोलून तिने फोटो बाजूला ठेवला आणि लसूण सोलायला घेतली. रविवार होता. सीमा, माझी बायको, बाजारातून मच्छी आणायला गेली होती. मी खुर्चीत बसलो आणि बराच वेळ आकांक्षाच्या कपाकडे बघत राहिलो. ती परत येऊन काही विसरलं म्हणेल आणि आईचं बोलणं तिच्या कानावर पडेल, अशी एक भीती वाटली, आणि अशी भीती आपल्याला वाटली याची लाजही वाटली.

पक्षी न पाहणाऱ्या माणसाला यात एवढं काय हे कळणार नाही, म्हणून सांगतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, काळपट, भर समुद्रावर राहणारा एक पक्षी आहे. वादळी पाकोळी म्हणतात त्याला. अंडी घालायला कुठल्यातरी लांबच्या बेटावर जातो तेवढाच जमिनीशी त्याचा संबंध. पावसाळ्याच्या तोंडाला वारा फार झाला की एखादा थकून किनाऱ्यावर, क्वचित शहरात येऊन पडतो. आपल्याकडे त्याचे मुख्यतः दोन प्रकार धरायचे, आणि दोन्ही कुणा ना कुणा साहेबाच्या नावाचे. विल्सनच्या पाकोळीला शेपटीच्या वर पांढरा पट्टा असतो. ती पावसाळ्यात कुणाला ना कुणाला सापडत असते, तिचं कौतुक नाही. स्विनहोची पाकोळी सगळी काळी. आमच्या गटाने चाळीस वर्षं मुंबईतल्या पक्ष्यांची यादी ठेवली आहे, आणि त्या यादीत ती एकदाच आहे. जून २००९, नायगाव, बीडीडी चाळ, निरीक्षक गौतम जयवंत गमरे. म्हणजे मी. ही यादी आता पुस्तिका म्हणून छापायची आहे आणि ते काम आकांक्षाकडे आहे. पोरगी हुशार, तिशीचीही नाही, कामाला चोख. जाताना म्हणाली, “काका, अख्ख्या लिस्टमधली सगळ्यात भारी नोंद तुमची आहे. तुम्हाला सेपरेट पान देतोय. गुरुवारी प्रेसला जाणार.” मी मान डोलावली होती, फार आनंद झालाय असं दिसू नये अशा बेताने.

आता गुरुवारपर्यंत चार दिवस होते आणि आईने काय सांगितलं ते फक्त मला ठाऊक होतं. आईलाही आपण काय सांगितलं ते ठाऊक नव्हतं. सीमा आली, तिने बांगडे ओट्यावर ठेवले, माझ्याकडे बघून म्हणाली, “काय झालं? पोरीने काय काढली चूक?” मी म्हटलं, नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. सीमाला माझे पक्षी म्हणजे दुसऱ्याच्या घरची सोयरीक वाटते, चांगली असेल, आपल्याला काय. जेवताना आई बांगड्याचे काटे नीट वेचून काढत होती. ऑपरेशनच्या आधी मी काढून द्यायचो.

ती संध्याकाळ मला पाठ आहे, निदान मी पाठ असल्यासारखी सांगत आलोय. गटात नवीन माणूस आला की कुणीतरी म्हणणार, गमरे, ते नायगावचं सांगा ना, आणि मी सांगणार. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी तेव्हाही होतो, आताही आहे. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कागदाहून पातळ काप करायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे, डॉक्टरकडे द्यायचे. नेहमीप्रमाणे साडेपाचला सुटून चालत घरी आलो. दोन दिवस असा वारा होता की चाळीच्या गॅलरीतले पत्रे वाजायचे थांबत नव्हते. आई दारातच होती. म्हणाली, गच्चीवर एक पाखरू सापडलंय, खोक्यात ठेवलंय, जगेल असं वाटत नाही. चपलांच्या खोक्यात जुन्या पेपरवर ते बसलं होतं. ट्यूबलाइटखाली नेलं. चोचीवर नाकपुड्यांची नळी दिसली, ती फक्त अशा समुद्रपक्ष्यांनाच असते. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दहा बाय सोळाच्या खोलीत, स्टीलच्या पिंपाशेजारी भर समुद्रावरचा पक्षी. मी त्याला उचललं, पाठ वळवून बघितली. शेपटीच्या वर पांढरं पीस नाही. सगळं काळं. मी ओरडलो. शेजारची मालनकाकू काय झालं म्हणून धावत आली. मग मी वही काढली आणि शिस्तीत लिहायला बसलो, कारण शिस्तीचा मला गर्व होता. लांबी स्टीलच्या पट्टीने. पंख पट्टीने, दोन्ही प्रकारांत बसेल असा. शेपटीला मध्ये खाच, स्विनहोला असते तशी. पायांचे पडदे काळे. आणि वास: तेलकट, उग्र, या कुळाला साजेसा.

त्या शेवटच्या ओळीवर रविवारी संध्याकाळी माझी नजर गेली आणि मी वही मिटली. पुस्तकात लिहिलेलंच आहे की या पक्ष्यांना तेलकट वास असतो. पुस्तकातलं मी वाचलेलं होतं, म्हणून तो मला आला. माझ्या नाकाचं म्हणाल तर वीस वर्षं लॅबमधल्या झायलीन आणि फॉर्मेलिनमध्ये काढलेलं नाक. सीमा अजून सांगते, दूध लागलं तरी ह्याला कळत नाही. घासलेटाचा वास मला त्या दिवशी आला असणार, पण मी तो पक्ष्याचा म्हणून लिहून टाकला. शेपटीची खाचही तशीच. ओली पिसं एकमेकांना चिकटून दोन टोकं झाली की खाच दिसणारच. पायांचे पडदे काळे, कारण डांबर. एकेक ओळ अशी उलटत गेली. लिहिलेलं सगळं मी खरंच पाहिलं होतं, एकही गोष्ट मनाची घातलेली नव्हती. हे मला जास्त लागलं.

मी गटात आलो तेव्हा पस्तीस वर्षांचा होतो. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये एक पत्रक लावलं होतं, रविवारी सकाळी शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी पाहायला या. गेलो. दहाबारा माणसं, बहुतेक शिवाजी पार्क, माटुंगा, हिंदू कॉलनी. चांगली माणसं होती, अजूनही आहेत, कुणी कधी वाकडं बोललं नाही. फक्त विचारायची, राहायला कुठे? नायगाव. पोलीस क्वार्टर्समध्ये का? नाही, बीडीडीत. अच्छा. त्या अच्छानंतर विषय बदलायचा. पहिली चार वर्षं माझ्याकडे दुर्बीण नव्हती. सगळ्यांचं बघून झालं की कुणीतरी माझ्याकडे द्यायचं, घ्या गमरे, आणि तोवर पक्षी उडालेला असायचा. मी पुस्तक पाठ करायला लागलो ते त्यामुळे. ज्याला बघायला मिळत नाही त्याने पाठ तरी करावं. मृणालिनीबाई गटाच्या प्रमुख. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, नोंदींच्या बाबतीत फार कडक. राकेश नावाचा आमच्यातला एक इंजिनिअर, त्याची एका गरुडाची नोंद त्यांनी दोनदा परत केली होती. सगळ्यांना त्या अरे-तुरे करायच्या, मला मात्र तुम्ही. मला तो मान वाटायचा. पाकोळीची नोंद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “शेपटीवर पांढरं नाही, हे नक्की ना?” मी म्हटलं, “नक्की, बाई. हातात घेऊन पाहिलंय.” त्यांनी सही केली. तेव्हापासून पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, लोक वळून मला विचारायला लागले, गमरे, हे काय असेल? मी आधी दुर्बीण मागायचो. नंतर ती आपोआप हातात येऊ लागली.

सोमवारी लॅबमध्ये एका बाटलीवर नाव एकाचं आणि कागदावर दुसऱ्याचं आलं. असं आलं की आम्ही नमुना परत पाठवतो, कितीही घाई असो. वॉर्डबॉय गयावया करायला लागला, साहेब, मीच लावलंय लेबल, मला माहितीय कुणाचा तुकडा आहे. मी म्हटलं, तुला माहिती असून उपयोग नाही, परत ने. नेहमीपेक्षा जरा जोरातच म्हटलं. अक्षदा, माझी ज्युनिअर, मान वर करून बघायला लागली. मग मी काप करायला बसलो, मशीनचं चाक फिरवलं की मेणाची फीत सुटत येते, त्यात मन कुठेही जातं. कुणाला काय फरक पडणार होता? पंधरा वर्षांपूर्वीचा एक पक्षी. एक पान. पेशंट मरणार नाही की बरा होणार नाही. आई कुणाला सांगायला जाणार नाही. तिचं बोलणं ऐंशी वर्षांच्या बाईचं, डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू धरायला लागला असेल, तिला काय दिसलं काय नाही. असा मी दिवसभर माझ्याच आईला खोटं पाडत होतो. वास्तविक त्या वेळी तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते, वरच्या मजल्यावरून बसचा नंबर वाचायची. हॉस्पिटलात आया म्हणून एकतीस वर्षं तिने जन्मलेली पोरं धुतली. कुठल्या पोराच्या पाठीवर डाग आहे, कुणाची करंगळी वाकडी आहे, हे ती नर्सच्या आधी सांगायची.

मंगळवारी संध्याकाळी मी शिवाजी पार्कला गेलो. मृणालिनीबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. फिरणं होत नाही, पण सहाच्या सुमारास कट्ट्यावर येऊन बसतात. मैदानात नेटमध्ये बॉलचा आवाज चालू होता. मी शेजारी बसलो आणि मध्ये कुठेही न थांबता सगळं सांगितलं, आई काय म्हणाली, घासलेट, वास, शेपटीची खाच. रागावतील अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर त्या रागावाव्यात अशी इच्छा होती. त्यांनी काठीच्या मुठीवर हात ठेवून ऐकून घेतलं.

“मला तेव्हाही शंका होती हो,” त्या म्हणाल्या. “फोटोत पाय फार लांब वाटत होते. स्विनहोचे एवढे नसतात.”

“मग सही कशी केलीत, बाई?”

“तुम्ही इतके आनंदात होतात, गौतम. किती वर्षं येत होतात. सगळ्यांच्या मागे उभे राहायचात. वाटलं, मिळू दे यांना एक.”

मला पहिल्यांदा वाटलं, मी नीट ऐकलं नाही. समोर एक मुलगा पॅड सोडत बसला होता, त्याच्या पट्ट्यांचा चर्र चर्र आवाज येत होता. मी म्हटलं, राकेशची नोंद तुम्ही दोनदा परत केली होतीत.

“राकेशचं वेगळं. त्याला काही वाटत नाही. तो तिसऱ्यांदा घेऊन आला असता.” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “आता कशाला उकरून काढता? राहू दे ना. कुणाचं काय बिघडतंय? मीही किती दिवस आहे अजून.”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला इतका संताप आला की कानशिलं गरम झाली. पंधरा वर्षं मी ज्याच्यावर उभा होतो ते डांबर लागलेलं पाखरू होतं, हे मी तीन दिवसांत कसंबसं गिळलं होतं. चूक माझी होती, माझ्या नाकाची, माझ्या डोळ्यांची, ती माझ्या हक्काची होती. त्यांनी माझी चूकसुद्धा माझी ठेवली नव्हती. राकेशची नोंद दोनदा परत करण्याइतका तो त्यांच्या बरोबरीचा, आणि मला एक मिळू दे. सगळ्यांना अरे-तुरे आणि मला तुम्ही, ते का, हेही त्या कट्ट्यावर बसल्या बसल्या लक्षात आलं. मी म्हटलं, “बाई, माझीही परत करायला हवी होतीत. मीही पुन्हा आलो असतो.” त्या म्हणाल्या, “रागावलात का?” मी म्हटलं, “हो.” असं त्यांच्याशी मी कधी बोललो नव्हतो. त्यांचा हात मी बाजूला केला नाही, पण उठलो. जाताना त्यांना रस्ता ओलांडायला मदत हवी का विचारलं, त्या म्हणाल्या, नको, कामवाली येईल घ्यायला.

बसमधून अँटॉप हिलला येईपर्यंत राग तसाच होता, फक्त तो आता नेमका कुणावर आहे ते सांगता येईना. चाळ रिकामी केल्यापासून आम्ही इथे भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत, टॉवर उभा राहीपर्यंत. आमची बिल्डिंग पाडली तेव्हा मी बघायला गेलो नव्हतो. आई गेली होती. आतल्या भिंतीवर देव्हाऱ्याच्या जागी आम्ही लावलेल्या बाबासाहेबांच्या फोटोचा चौकोन तसाच पांढरा दिसत होता म्हणून तिने येऊन सांगितलं होतं, कुठल्या मजल्यावर, कितव्या खिडकीच्या उजवीकडे, सगळं.

बुधवारी मी हाफ डे टाकला. जेवण झाल्यावर आईसमोर वही घेऊन बसलो आणि म्हटलं, पहिल्यापासून सांग. ती हसली. “पोलिसावानी काय बसलास?” पण सांगितलं, आणि असं सांगितलं की मला मध्ये काही विचारावंच लागलं नाही. गच्चीवर मे महिन्यात डांबर टाकलं होतं, ते कोपऱ्यात नीट बसलं नव्हतं, म्हणून माणसं घासलेट घालून पातळ केलेलं डांबर घेऊन पुन्हा आली होती, आणि वारा सुटला तसं पिंप उघडं टाकून गेली. ती वाळवणाच्या दोऱ्या काढायला वर गेली. पिंपाशेजारी सांडलेल्या डांबरात पाखरू बसलेलं. पोट आणि एक पाय रुतलेला. “दुसरा पाय वर धरला व्हता. बोटांच्या मधी कातडं असतंय ना, बदकाला असतंय तसं, ते पिवळं. हळदीगत.” मी लिहिणं थांबवलं. पायाच्या पडद्यांना पिवळं, हे विल्सनचं पक्कं लक्षण. मोठमोठ्यांना जन्मात दिसत नाही, कारण पक्षी हातात आल्याशिवाय ते दिसतच नाही. “पाठ कोरडी व्हती. शेपटीच्या वर पांडरं, हिकडनं तिकडं, पार कमरंपतुर.” मग तिने त्याला सोडवलं, खाली आणलं, मोरीत बसून रेशनच्या घासलेटात फडकं बुडवून पोट पुसलं, पाय पुसले. “आन मग त्याच फडक्यानं पाठ पुसली. तितंच चुकलं. सगळं काळं झालं.” पोरं धुताना जसं डोकं तळहातावर घ्यायचं तसं घेतलं होतं, ते दाखवायला तिने हात पुढे केला.

“मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू आलास आन वरडलास, आई, सगळं काळं हाय बग! म्या बगितलं, काळंच व्हतं. मला वाटलं, तुला काळंच पायजे व्हतं.”

मला हसू आलं. ती माझ्याकडे निरखून बघत होती, नव्या डोळ्यांनी, कानावरच्या केसांकडे बघते तशी. “मंग? पांडरं भारी का काळं भारी?” तिने विचारलं. मी म्हटलं, “काळं भारी.” ती म्हणाली, “मंग पांडरं असलं तर तुझं पान जायाचं?” तिने रविवारचं सगळं ऐकलेलं होतं तर. मी म्हटलं, हो, जाणार. तिने पदराने चष्मा पुसला, ऑपरेशननंतर चष्म्याची गरज नाही तरी तो ती उन्हासाठी म्हणून जवळ ठेवते.

त्या पक्ष्याचं पुढे काय झालं ते वहीत पानाच्या शेवटी आहे. रात्र त्याने खोक्यात काढली. पहाटे आम्ही दोघं त्याला घेऊन दादर चौपाटीवर गेलो. मी एकटा जाणार होतो, पण आईने खोकं सोडलं नाही, म्हणाली, मला बघायचं हाय त्येला जाताना. भरती होती, पाणी गढूळ. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, खोक्यातून काढून त्याला हातावर धरलं. ते हातातून सुटून पाण्यावर बसलं. तेवढ्यात एक लाट फुटली, चष्म्यावर पाणी उडालं, मी चष्मा काढून शर्टाला पुसला. पुन्हा लावला तेव्हा पाण्यावर काही नव्हतं. भर समुद्रातला पक्षी, समुद्र मिळाल्यावर जाणारच. वहीत लिहिलं, सोडला, उडाला. चाळीतही सगळ्यांना तेच सांगितलं. घासलेटाने पिसांवरचं तेल निघून गेलं तर पिसांत पाणी शिरतं, हे लॅबमधल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण मला आता ठरलं होतं ते करून टाकायचं होतं. मी वही पुढ्यात उघडी ठेवून आकांक्षाला फोन लावला. लिहिलेलं वाचून दाखवायचं म्हणून स्पीकरवर ठेवला. आई तिच्या जागेवर, दिवाणावर, पाय वर घेऊन बसली होती.

आकांक्षाने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, “काका, शिट. सॉरी. म्हणजे, तुम्ही शुअर आहात?” मी म्हटलं, पायांचे पडदे पिवळे होते, यापेक्षा शुअर काय असतं. “मग पान काढावं लागेल हो. विल्सनची म्हणून लिस्टमध्ये एक लाइन जाईल फक्त.” जाऊ दे, मी म्हटलं. म्हणताना जड गेलं, नाही असं नाही. ती टाइप करत होती, कीबोर्ड वाजत होता. “डेट तीच. जागा तीच. ऑब्झर्व्हर तुम्हीच ना?”

“नाही. रखमा जयवंत गमरे, असं लिही.”

“आजी?”

“पांढरा पट्टा तिने पाहिला, पाय तिने पाहिले. मी पाहिलं ते डांबर.”

पलीकडे कीबोर्ड थांबला. मग ती म्हणाली, “ओके. एकदम बरोबर आहे, काका.” मला बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा. आईकडे बघितलं, तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आपलं नाव कुठेतरी लिहिलं जातंय एवढं तिला कळलं होतं. “एकच राहिलं,” आकांक्षा म्हणाली. “फेट. शेवटी काय झालं. तुमच्या वहीत सोडला, उडाला असं आहे. पण घासलेटने वॉश केला होता ना? मग उडेल का, काका?”

मी तोंड उघडलं. हो म्हणायचं तेवढंच होतं. चष्मा, लाट, पाण्यावर काही नव्हतं, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, पंधरा वर्षं सांगून गुळगुळीत झालेलं.

“न्हाय उडालं,” आई म्हणाली.

“आजी, तुम्ही होतात तिथे?”

“म्या खोकं धरून हुबी व्हते.” ती दिवाणावरून पाय खाली सोडून फोनच्या जवळ सरकली. “पान्यावर बसलं. लाट आली, पालतं झालं. पंख पसरून तसंच व्हतं. लांब जाईपतुर दिसत व्हतं. ह्यो चष्मा पुसत व्हता. पुसून झाला तरी पाठ फिरवूनच हुबा व्हता.”

मी वहीकडे बघत होतो. सोडला, उडाला. अक्षर सुबक होतं, घाईत लिहिलेलं नव्हतं. आकांक्षाने मला हाक मारली, काका? तिला काय लिहायचं ते माझ्याकडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, “ती म्हणते तसं लिही.”

कीबोर्ड पुन्हा वाजायला लागला. आई थांबून राहिली होती, समोरच्याचं लिहून होईपर्यंत थांबतात तशी. मग आणखी पुढे वाकून, फोनला तोंड लावून म्हणाली, “आन घासलेट म्या लावलं व्हतं, म्हनून मेलं. ते पन लिव, पोरी. ह्याचं नाव त्यात घालू नको.”